काळा धूर, पडलेलं ॲव्हरेज आणि नागपूरची थंडी

डिसेंबर लागला की वाडी, कापसी, कळमना या भागांतल्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडी ॲव्हरेजच देऊन नाही राहिली, अन् मागून काळं टाकून राहिली." उत्तरही ठरलेलं असतं: "थंडी आहे नं भाऊ, फेब्रुवारीत होईल बरोबर." फेब्रुवारीत ऊन तापतं, तक्रार जरा निवते आणि गाडीतला मूळ दोष पुढच्या हिवाळ्यापर्यंत मालकाचं डिझेल खात राहतो.

थंडीचा या प्रकरणात वाटा नक्की आहे. पण तो केवढा, याचा हिशेब मांडता येतो, आणि त्या हिशेबाबाहेर जे उरतं ते दुरुस्तीचं काम असतं. तिथे थंडीचं नाव पुढे करणं म्हणजे मालकाचा खिसा आणि शहराची हवा दोन्ही बिघडू देणं.

आधी थंडीच्या बाजूने बोलू. नागपूर उन्हाळ्यासाठी बदनाम असलं तरी इथला हिवाळा लेचापेचा नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी अठ्ठावीसच्या आसपास, असा रोजचा मोठा चढउतार असतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ या शहरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे संत्री घेऊन दिल्लीकडे निघालेली गाडी एकाच फेरीत आणखी गारठ्यात शिरते.

चाळीस अंशांच्या हवेपेक्षा दहा अंशांची हवा दहा टक्क्यांहून थोडी जास्त दाट असते. ताडपत्री बांधलेला उंच ट्रक ताशी साठच्या वेगाने ती कापत जातो तेव्हा इंजिनाला तेवढा जादा जोर लावावा लागतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं ऑइल पहाटे घट्ट असतं, ते पातळ होईपर्यंत पहिले वीस-पंचवीस किलोमीटर जड जातात. टायरचं गणित तर सरळ आहे. ऑक्टोबरमध्ये पंचवीस अंशांच्या सकाळी भरलेली ११० पौंड हवा जानेवारीत दहा अंशांच्या सकाळी साधारण १०४ पौंडांवर येते, टायर कुठेही गळत नसताना. दहा चाकं सहा-सहा पौंडांनी कमी, म्हणजे गाडी रोज थोडी दबून चालते आणि डिझेल जास्त पिते. याचा इलाज फुकट आहे, तरी दर पंधरवड्याला गेज लावून हवा बघणारे चालक मोजकेच.

हे सगळं जमेस धरलं तर चार देणारी गाडी हिवाळ्यात पावणेचार देऊ लागली, हे मला समजतं. चारची सव्वातीन झाली तर नाही. महिन्याला नऊ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत चार आणि सव्वातीन यांच्यात पाचशे लिटरहून जास्त डिझेल जातं. लिटरला नव्वद रुपये धरले तरी पंचेचाळीस हजारांच्या वर रक्कम झाली, एका गाडीमागे, एका महिन्यात.

आता धुराकडे येऊ. इथे थंडीवरचा आरोप बराचसा उलटा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवतात की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात इंजिनाला त्याहून बरीच जास्त मिळायला हवी, कारण फवाऱ्याचा प्रत्येक थेंब हवेत नीट मिसळतोच असं नाही. ज्या थेंबाला ऑक्सिजन पुरत नाही, त्याच्यातला हायड्रोजन आधी जळून जातो आणि कार्बन मागे राहतो. तीच काजळी. कंदिलाची वात फार वर केली की काच काळी होते, त्यातला हिशेब हाच. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, किंवा डिझेलच्या मानाने हवा कमी. थंड हवा दाट असल्यामुळे तिच्यात ऑक्सिजन जास्त असतो. गरम झालेल्या चांगल्या इंजिनाने हिवाळ्यात उलट कमी काळं टाकायला हवं.

थंडीचा खरा धूर पांढरा असतो. सतरास एक कॉम्प्रेशनच्या इंजिनात आत येणारी हवा तीस अंशांनी थंड असली, तर दाबल्यानंतर तो फरक हिशेबाने ऐंशी अंशांचा होतो. त्यात पिस्टन आणि लायनरचं लोखंड गार, ते आणखी उष्णता ओढून घेतं. डिझेल उशिरा पेटतं, काही पेटतच नाही, आणि डोळ्यांना झोंबणारा उग्र वासाचा पांढरट धूर बाहेर पडतो. पाच-दहा मिनिटांत तो गेला पाहिजे. गेला तर चिंता नाही. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असलं, तर हेड गॅस्केटकडे बघायचं. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळतंय, रिंग किंवा टर्बोची सील गेली. आणि काळा धूर गाडी गरम झाल्यावर, भरल्या लोडवर, तळेगावच्या घाटात किंवा सिवनीकडच्या कुरई घाटात चढताना येत असेल, तर थंडीला त्यातून मोकळं करावं.

गाडी बंद आणि सायलेन्सर थंड असताना पाइपाच्या तोंडात बोट फिरवून बघा. कोरडी, भुरभुरीत, मऊ काजळी बोटाला लागली तर ती हवा-डिझेलच्या बिघडलेल्या प्रमाणाची. चिकट, तेलकट, पुसूनही न जाणारी असेल तर त्यात न जळलेलं डिझेल किंवा ऑइल मिसळलेलं आहे, म्हणजे इंजिन थंडच चालतंय किंवा ऑइल वर चढतंय. या एका तपासणीला एक मिनिट लागतं आणि अर्धी दिशा ठरते.

इंजिन थंडच चालण्याचं कारण विदर्भात उन्हाळ्यात सापडतं, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की गाड्या गरम होतात. काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, चालक घाबरतो, आणि मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. "आपल्याकडे त्याची गरजच नाही" हे वाक्य जुन्या जाणत्यांच्या तोंडूनही ऐकू येतं. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेला एक छोटा वॉल्व्ह. इंजिनातलं पाणी साधारण ऐंशी-ब्याऐंशी अंशांपर्यंत तापेतो तो त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, मग हळूहळू उघडतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरायला लागतं. मे महिन्यात ते चालून जातं. डिसेंबरमध्ये तीच गाडी रात्री सावनेर-पांढुर्णा रस्त्यावर निघते, समोरून दहा अंशांची हवा, वर पंखा सतत फिरतोय, आणि काटा पंचावन्न-साठच्या वर चढतच नाही. सहाशे किलोमीटर ती गाडी थंड इंजिनावर चालते. गार भिंतींजवळचं डिझेल नीट जळत नाही, काही लायनरवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं, लायनर लवकर झिजतात. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर त्याचा संगणक इंजिन अजून गार आहे असं समजून डिझेलचं प्रमाण आणि टायमिंग त्या हिशेबाने ठेवतो. ॲव्हरेज पडतं, पाइप काळा होतो.

बऱ्याच इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढून उन्हाळ्यातही फायदा होत नाही. त्या वॉल्व्हचं दुसरं टोक बायपासची वाट बंद करण्याचं काम करतं. तो नसला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. गाडी मे महिन्यात गरम होत असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा, आतला गाळ, सैल पट्टा किंवा थकलेला वॉटर पंप ही खरी कारणं. थर्मोस्टॅट काढून ती झाकली जातात.

थर्मोस्टॅट आहे की नाही आणि असला तर चालतो का, हे हातानेच कळतं. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना गाडी सुरू करा आणि पंख्यापासून अंग आणि कपडे लांब ठेवून रेडिएटरच्या वरच्या होस पाइपला अधूनमधून हात लावा. चांगल्या थर्मोस्टॅटच्या गाडीत काटा ऐंशीजवळ जाईपर्यंत तो पाइप गारच लागतो आणि मग थोड्याच वेळात हात लावू देत नाही इतका तापतो. पाइप सुरुवातीपासून इंजिनासोबत हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलाय. नुसत्या रेसवर काटा चढायला वेळ लागतो, म्हणून गरज पडली तर गाडी थोडी चालवून, थांबवून बघा. शंका राहिलीच तर थर्मोस्टॅट खोलून घ्या, दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, पाण्यात थर्मामीटर ठेवा आणि पातेलं गॅसवर चढवा. वॉल्व्हवर जो आकडा कोरलेला असतो त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. नवा थर्मोस्टॅट एका टाकीच्या डिझेलच्या मानाने अगदीच स्वस्त पडतो.

दुसरं कारण हवेच्या बाजूचं, आणि तेही आपल्या भागाचं आहे. पावसाळा संपला की रस्ते कोरडे होतात. कापसाची वेचणी आणि जिनिंगचा हंगाम ऐन थंडीत भरात असतो, म्हणून तंतू उडत असतात. उमरेडकडे कोळशाची धूळ, कोराडी-खापरखेड्याकडे राख. एअर फिल्टर नेमका नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुंबतो आणि दोष हवामानावर जातो. त्यात या महिन्यांत संत्री, कापूस, कोळसा यांचा माल जोरात असतो, गाड्या भरून धावतात. पावसाळ्यातल्या अर्ध्या रिकाम्या फेऱ्यांच्या ॲव्हरेजशी हिवाळ्यातल्या भरलेल्या फेऱ्यांची तुलना करून "थंडीने पाडलं" म्हणणं हा हिशेबच चुकीचा आहे.

फिल्टर टायरवर आपटून साफ करायची सवय सोडली पाहिजे. त्याने कागदाच्या घड्या फाटतात आणि धूळ सरळ लायनरपर्यंत पोचते. हवेने उडवायचाच असेल तर कमी दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने. हाउसिंगवर लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर असेल तर तो बघूनच फिल्टर बदलावा. हवेच्या वाटेवरच टर्बो आणि इंटरकूलरचे होस पाइप असतात. क्लॅम्प सैल झाला किंवा रबराला चीर गेली की दाबलेली हवा तिथूनच निसटते. चढावर शिटीसारखा आवाज, पिकअप गेलेला आणि मागे काळा लोट, अशी ही खूण. जोडावर साबणाचं पाणी लावून रेस दिली की बुडबुडे गळतीची जागा दाखवतात.

फिल्टरच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तुंबलेला एअर फिल्टर काळा धूर देतो. तुंबलेला डिझेल फिल्टर देत नाही, कारण त्यात डिझेलच कमी पोचतं. गाडी ओढत नाही, झटके देते, पण पाइप काळा होत नाही. म्हणून हिवाळ्यात "डिझेल गोठलं" ही जी समजूत असते तिचा काजळीशी संबंध लावू नये. भारतीय मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे डिझेलसाठी हिवाळ्याचे महिने. त्या काळातल्या डिझेलमधलं मेण फिल्टर अडवू लागण्याची मर्यादा सहा अंश आहे, उन्हाळी डिझेलसाठी अठरा. नागपूरच्या नेहमीच्या थंडीत हिवाळी डिझेलला काही होत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरून ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल जानेवारीत वापरणाऱ्याने मात्र सावध राहावं. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे तेहतीस अंशांतही वाहणारं वेगळं डिझेल आणलं.

आता नोझल. इंजिनातला सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. नाशिकच्या सातपूरला बॉशच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनतात. जुने मिस्त्री अजून त्या कंपनीला मायकोच म्हणतात. नोझलच्या टोकाला केसांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट एवढी बारीक भोकं असतात. पंपवाल्याच्या दुकानात नोझल टेस्टर असतो: एक हात-पंप, वर दाबाचं घड्याळ, खाली काचेचं भांडं. जुन्या गाडीचं नोझल त्याला लावून दांडा दाबला की ठरलेल्या दाबाला, म्हणजे दोनशे बारच्या आगेमागे, ते कर्रकन आवाज करत उघडलं पाहिजे आणि प्रत्येक भोकातून धुक्यासारखा सारखा फवारा निघाला पाहिजे. एका भोकातून सरळ धार निघत असेल किंवा दांडा सोडल्यावर टोकाला थेंब लोंबत असेल तर ते नोझल संपलं. तो थेंब सिलिंडरमध्ये चुकीच्या वेळी पडतो आणि काजळी होऊन बाहेर येतो. फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये, तो कातडीत शिरतो.

जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीत कोणतं नोझल खराब आहे हे शोधायची रीत साधी: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचा. ज्याने धूर कमी झाला, तो सिलिंडर दोषी. कॉमन रेल इंजिनावर ही रीत अजिबात करू नये. तिथे पाइपात हजार-सोळाशे बारचा दाब असतो आणि जीव जाऊ शकतो. त्या गाडीला स्कॅनर लावूनच बघावं.

पंपाची एक गोष्ट मालकांनी स्वतःला विचारायला हवी. चढावर पिकअप कमी वाटला की "थोडं डिझेल वाढव" अशी मागणी होते, पंपाचं सील तुटतं, स्क्रू अर्धा फेरा फिरतो. गाडी दोन दिवस जोरात ओढते. हवा तेवढीच राहते, डिझेल वाढतं, आणि पुढचं सगळं वर सांगितलंच आहे. पिकअप का गेला होता, तर बहुधा फिल्टर किंवा होस पाइपामुळे. अशी गाडी पीयूसीच्या धूर-चाचणीत अडकते. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज (हे धुराच्या दाटपणाचं एकक) आणि स्टेज चारच्या गाड्यांना ५० हार्ट्रिज ही मर्यादा आहे. ही चाचणी घेताना इंजिन ऑइल किमान साठ अंश गरम असायला हवं असा नियम आहे, म्हणजे सरकारी मापातही गार इंजिनाची सबब धरलेली नाही.

पहाटेची एक सवय थेट काजळी वाढवते. थंडीत अर्धा-अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवतात. रिकाम्या रेसवर इंजिन नीट तापतच नाही, नोझलवर कार्बन चढतो आणि डिझेल जातं ते वेगळंच. ब्रेकची हवा भरेपर्यंत आणि ऑइलचा दाब येईपर्यंत थांबणं पुरे. मग पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावी, इंजिन चालता चालता लवकर तापतं. आणि कुठे थांबल्यावर सगळ्या हबजवळ हाताची पाठ नेऊन बघावी. एखादा हब बाकीच्यांपेक्षा फार तापलेला असेल तर तो ब्रेक धरतोय. ॲव्हरेज तिथेही जातं, आणि त्यात धुराचा पत्ताही नसतो.

ही काजळी जाते कुठे, हेही सांगायला हवं. हिवाळ्यात रात्री जमिनीजवळची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार होते, खालचा धूर वर चढत नाही. ट्रान्सपोर्टच्या वस्त्यांत, धाब्यांवर, गाडीतच झोपणाऱ्या चालक-क्लीनरच्या नाकातोंडात तो रात्रभर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या गटात टाकला. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, आणि राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीत नागपूरही आहे.

एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहा गाड्यांत तपासणीची रीत बदलते. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पाइपाचं तोंड आतून जवळपास स्वच्छ असलं पाहिजे. तिथे काळं दिसलं तर फिल्टर तडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय, आणि काढणं बेकायदेशीर आहे. वर सांगितलेला तुंबलेला एअर फिल्टर, चिरलेला होस, थकलेला इंजेक्टर, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट हे सगळे दोष या गाड्यांतही होतात, फक्त धूर दिसत नाही. काजळी फिल्टरमध्ये साठत जाते, आणि ती जाळण्यासाठी गाडी ठरावीक अंतराने जादा डिझेल टाकून तो पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवते. काजळी जास्त असेल तर हे जाळणं वारंवार होतं आणि ॲव्हरेज पडतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत, गार इंजिनावर, ते अर्धवट राहतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. स्टेज सहा ट्रकच्या मालकाने म्हणूनच धुराची वाट न पाहता टाकीचा हिशेब ठेवावा: त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर आणि मालाचं वजन वहीत लिहायचं, पुन्हा तिथेच भरायची, आणि निदान तीन फेऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. आकडा खाली येत असेल तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून फिल्टर किती वेळा जळतोय आणि पाण्याचं तापमान किती अंशांवर टिकतंय, हे दोन आकडे आधी मागावेत.